गाडीखाली लाल डाग: गिअरबॉक्स उतरवण्याआधी एवढं तपासा

प्रश्न: ताई, नमस्कार. माझी ऑटोमॅटिक गाडी आठ वर्षांची आहे. अलीकडे सकाळी गाडी काढली की खाली तळहाताएवढा लालसर तपकिरी डाग दिसतो. जागा पुढच्या चाकांच्या जरा मागे, जवळपास मधोमध. एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्सच्या चेंबरचे, म्हणजे खालच्या ऑइलच्या पात्राचे, बोल्ट आवळून दिले. त्यानंतर डाग कमी होण्याऐवजी वाढला. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, पुढचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. गिअर नीट पडतात, आवाजही नाही. उतरवू द्यावा का? आणि तोवर गाडी चालवावी का?

उत्तर: इतक्यात उतरवू देऊ नका. दोन्ही ठिकाणी तुम्हाला उपाय सांगितला, पण गळती नेमकी कुठून होते हे कोणी दाखवलेलं दिसत नाही. पुढचं सील म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाच्या) मानेवरचं सील. ते बदलायला अख्खा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, म्हणून ते निदान सगळ्यात शेवटी यायला हवं. थेंब जिथे पडतो ती जागा आणि ऑइल जिथून निघतं ती जागा बहुतेक वेळा वेगळी असते. गाडी चालताना वारा ऑइलला मागे ढकलतो, मग ते धातूच्या कडेकडेने सरकत सगळ्यात खालच्या टोकाला येतं आणि तिथून टपकतं. खाली प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर ते त्यात साठून भलत्याच भोकातून बाहेर येतं.

आधी ते ऑइल गिअरबॉक्सचंच आहे का, याची खात्री करा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलला बहुधा लाल रंग दिलेला असतो आणि वापराने ते तपकिरी होत जातं. पण हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगलाही हेच लाल ऑइल असतं, आणि काही कूलंटही लाल किंवा गुलाबी असतात. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवा आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेनाने खुणा करून ठेवा. सकाळी एक थेंब काचेच्या ग्लासातल्या पाण्यात सोडा. ऑइल असेल तर वर तरंगेल. कूलंट पाण्यात विरघळतं. ब्रेक ऑइलही विरघळतं, पण त्याचा रंग पिवळसर असतो. थेंब ब्रेक ऑइलचा वाटला तर गाडी जागची हलवू नका. ऑइल तरंगलं, तर स्टिअरिंगच्या डब्याची पातळी बघून ठेवा आणि काही दिवसांनी पुन्हा बघा. ती उतरत असेल तर गिअरबॉक्सचा या डागाशी संबंध नाही. मोटरवर चालणारं स्टिअरिंग असेल तर तो डबाच नसतो, शंका तिथेच मिटते.

आता गिअरबॉक्सची पातळी. डिपस्टिक असेल तर बहुतेक गाड्यांत ती सपाट जागी, गिअरबॉक्स गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून बघतात. काही कंपन्या इंजिन बंद करून लगेच बघायला सांगतात, म्हणून आधी पुस्तिका वाचा. डिपस्टिक नसेल तर पातळी बघायला गिअरबॉक्सवरच बोल्ट असतो आणि तो ठरावीक तापमानाला उघडायचा असतो. हे काम गॅरेजमध्येच करून घ्या. पातळी जास्त असेल तर तेही सांगून टाकते, ते गळतीचं कारण असू शकतं. ऑइल ढवळून फेसाळतं आणि वरच्या ब्रीदरमधून (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) बाहेर येतं, तेव्हा सील सगळी धड असतात. तुमच्या गाडीत मध्ये कोणी ऑइल ओतलं होतं का, ते आठवून पाहा.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, पण सगळं निदान त्याच्यावर उभं आहे. खालचं कव्हर काढायचं आणि गिअरबॉक्स, चेंबर, पाइप हे सगळं डिग्रीझरने धुऊन कोरडं करायचं. आठ वर्षांची माती आणि तेल यांचा थर असताना कितीही टॉर्च मारला तरी सगळंच ओलं दिसतं. वायरिंगचे कनेक्टर आणि ब्रीदर यांच्यावर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका. गाडी रॅम्पवर किंवा पक्क्या स्टँडवरच घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही.

धुतल्यावर दोन पुठ्ठे वापरा. पहिला, इंजिन चालू ठेवून गाडी पार्क (P) गिअरमध्ये पंधरावीस मिनिटं उभी असताना. दुसरा, खालून सगळं पुसून घेतल्यावर रात्रभर. हा फरक फार उपयोगाचा आहे. इंजिन चालू असताना गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणाऱ्या कूलरकडे जाणाऱ्या पाइपांत दाब असतो, त्यामुळे पाइप, त्यांचे जोड आणि पंपाच्या बाजूची गळती तेव्हा दिसते. इंजिन बंद झालं की टॉर्क कन्व्हर्टरमधलं आणि वरच्या वाटांमधलं ऑइल हळूहळू चेंबरात उतरतं आणि तिथली पातळी चालत्या गाडीपेक्षा वर येते. म्हणून फक्त रात्रीच डाग पडत असेल तर आधी चेंबरचं गॅस्केट, गिअर बदलायच्या शाफ्टचं छोटं सील आणि वायरिंग आत जातं तिथली ओ-रिंग बघायची. या तिन्ही कामांना गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

ओली जागा सापडली की तिच्या वर आणि पुढे बघत जा. सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा तीच खरी. नजरेने सापडत नसेल तर कोरड्या धातूवर टाल्कम पावडर उडवून थोडं चालवून आणा. पावडरीत ऑइलची वाट रेघेसारखी उमटते. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे गिअरबॉक्सच्या ऑइलसाठीचा चमकणारा रंग. तो मिसळून गाडी फिरवली आणि अतिनील टॉर्च मारला की गळतीची जागा पिवळीहिरवी उजळते.

माझ्याकडे एक गाडी अगदी तुमच्यासारखंच निदान घेऊन आली होती. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या बेल हाउसिंगच्या तळाच्या भोकाला थेंब लटकलेला, त्यामुळे कोणीही सील म्हणेल असंच दृश्य होतं. धुऊन, चालवून परत बघितलं तर भोकाच्या आतली बाजू कोरडी आणि बाहेरची ओली. वर हात घातला तेव्हा कूलरच्या पाइपवर, जिथे धातूची नळी रबरात दाबून बसवलेली असते, त्या पट्टीखाली बोट लाल झालं. पुसलं की काही सेकंदांत पुन्हा ओल धरायची. पाइप बदलला आणि काम संपलं. म्हणून तुमच्या मेकॅनिकला हेच विचारा: भोकाच्या आतून ओलं आहे का? आतून ओलं असेल तर रंग बघा. लाल असेल तर पुढच्या सीलचा संशय खरा. काळपट असेल तर इंजिनचं मागचं क्रँक सील गळत असेल. तेही त्याच पोकळीत गळतं, आणि दोन्ही सील एकाच वेळी गेल्याची उदाहरणंही आहेत. तसं असेल तर गिअरबॉक्स उतरवलाच आहे म्हणून दोन्ही बदलून घ्या.

बोल्ट आवळल्यावर डाग का वाढला, तेही सांगते. चेंबरचा पत्रा पातळ असतो. बोल्ट वाजवीपेक्षा जास्त आवळला की भोकाभोवतीचा पत्रा वर उचलला जातो, गॅस्केट तिथे चिरडतं आणि दोन बोल्टांच्या मधल्या भागात दाबच राहत नाही. असा चेंबर काढून सपाट काचेवर पालथा ठेवला की कडेखालून उजेड दिसतो. भोकांभोवतीचे उंचवटे लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने ठोकून बसवावे लागतात, मग नवीन गॅस्केट, आणि बोल्ट टॉर्क पान्यानेच, मधून बाहेर क्रमाने, पुस्तिकेत दिलेल्या मापावर. चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर ठोकाठोकी नको, वाकला असेल तर बदला. मला वाटतं तुमच्या बाबतीत आधी हेच बघावं: डागाची जागा जुळते आणि आवळल्यावर गळती वाढली, ही मोठी खूण आहे.

गाडी चालवावी का? सध्या चालवा, पण मोजून. साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. तळहाताएवढा डाग जमिनीवर मोठा दिसतो, पण त्यात बहुधा दोनतीन मिलिलिटरच ऑइल असतं. रोज तेवढंच जात असेल तर शंभर मिलिलिटर जायला महिना लागतो. पुठ्ठ्यावरचे डाग तारीख टाकून ठेवा आणि पातळी आठवड्याला बघा. गिअर टाकल्यावर गाडी क्षणभर थांबून मग उचलायला लागली, इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही असं झालं, जळकट वास आला, किंवा ऑइल गरम सायलेन्सरच्या पाइपवर पडून धूर निघाला, तर गाडी बाजूला घेऊन टो करून न्या. कमी ऑइलवर चालवलेला गिअरबॉक्स आतून जळतो, मग सीलचा प्रश्नच उरत नाही. डिपस्टिकवरचं ऑइल गुलाबी, दुधाळ दिसलं तर रेडिएटरमधला कूलर आतून फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये गेलंय. तेव्हा इंजिन पुन्हा सुरूच करू नका.

गळती थांबवणारं म्हणून मिळणारं बाटलीतलं औषध घालू नका. ते रबर फुगवतं, वाकलेल्या पत्र्याला किंवा सैल पाइपाला त्याचा काही उपयोग नाही. आणि ऑइल भरताना पुस्तिकेत लिहिलेल्या प्रकाराचंच भरा. सीव्हीटी आणि ड्युअल क्लच गिअरबॉक्सची ऑइलं वेगळी असतात, एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

प्रश्न: माझी गाडी मॅन्युअल आहे. पुढच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला मधासारख्या रंगाचं ऑइल दिसतं, वास उग्र आहे. हेही गिअरबॉक्सचंच का?

उत्तर: बहुधा हो. उग्र, गंधकासारखा वास हा गिअर ऑइलचा ओळखीचा वास. इंजिन ऑइलला तो येत नाही. चाकाकडे जाणारा ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्समधून बाहेर येतो तिथलं ऑइल सील तपासायला सांगा. सील बदलताना दोन गोष्टी बघून घ्या: शाफ्टवर सील बसतं त्या जागी नखाला लागेल असा चर पडलाय का, आणि शाफ्ट हाताने वरखाली हलतो का. चर किंवा ढिलाई असेल तर नवं सीलही लवकरच गळेल. ब्रीदर चिखलाने बंद झाला असेल तर आतला दाब ऑइलला सीलमधून बाहेर ढकलतो, म्हणून तोही साफ करून घ्या. ऑइल बदलायचं ठरलं तर निचऱ्याच्या बोल्टला हात लावण्याआधी भरायचा बोल्ट सुटतो का ते पाहा. तो गंजून अडकलेला असेल आणि ऑइल आधीच काढून टाकलं असेल, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी तिथेच अडकते.