सर्व्हर जागा, पण लॉगिन झोपलेलं

प्रश्न : ताई, आमच्याकडे साडेतीनशेच्या आसपास मागांवर छोटी यंत्रं बसवली आहेत. किती मीटर कापड निघालं तो आकडा ती दर काही सेकंदांनी टीसीपीवरून आमच्या सर्व्हरला पाठवतात. सर्व्हर नोड-जेएसमध्ये लिहिलाय, लिनक्सवर चालतो. रात्री त्याच प्रोग्राममधून जुन्या नोंदींच्या फाइली नेटवर्कवरच्या स्टोरेजमध्ये हलवतो. तेव्हा कधीकधी लॉगिन लटकतं आणि मालकांना जाणारे एसएमएसही थांबतात. पण मागांचे आकडे मात्र येतच राहतात आणि सीपीयू पाच टक्क्यांवर पडून असतो. नोडला एकच थ्रेड, म्हणजे कामाचा एकच धागा, असतो ना? मग तो अडकला तर सगळंच अडकायला हवं. आणि चालू प्रोसेस दाखवणाऱ्या एचटॉपमध्ये अकरा थ्रेड कसे दिसतात?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : निदान करायला लागतं ते सगळं तुम्ही स्वतःच लिहून पाठवलंय. आकडे येतात, लॉगिन येत नाही, सीपीयू रिकामा. हे तीन मुद्दे शेजारी ठेवले की दोषी कोण ते दिसायला लागतं. पण आधी ‘नोडला एकच थ्रेड’ हे वाक्य जरा सोलून बघू. ते मुलाखतीत खपून जातं, सर्व्हर चालवणाऱ्याला पुरत नाही.

तुमचं जावास्क्रिप्ट एका थ्रेडवर चालतं, एवढंच त्यातलं खरं. त्याच्या खाली लिबयूव्ही नावाची सी भाषेतली लायब्ररी बसलेली असते आणि इव्हेंट लूप तिचा असतो. हा लूप स्वतः जवळजवळ काहीच करत नाही. तो कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, विचारतो, ‘माझ्या यादीतल्या कुठल्या कनेक्शनवर काही आलंय का?’ आणि उत्तर येईपर्यंत झोपतो. लिनक्सवर हे विचारायची सोय म्हणजे ईपोल. मॅकवर आणि फ्रीबीएसडीवर केक्यू, विंडोजवर आयओसीपी. लिबयूव्हीचा जन्मच मुळी नोडला विंडोजवर नेण्याच्या खटपटीतून झाला. त्याआधी नोड लिबएव्ही वापरायचं.

हे डोळ्यांनी बघता येतं, आणि एकदा बघितलं की विसरत नाही. प्रोक फोल्डरमध्ये तुमच्या प्रोसेसच्या नंबरखाली ‘एफडी’ (फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडलेल्या प्रत्येक फाइलचा किंवा कनेक्शनचा नंबर) नावाचं फोल्डर आहे, त्याची यादी काढा. बहुतेक ओळी सॉकेटच्या, म्हणजे नेटवर्क कनेक्शनच्या, असतील, पण एखाददुसऱ्या ओळीत ‘इव्हेंटपोल’ असं लिहिलेलं दिसेल. तो नंबर घ्या आणि शेजारच्या ‘एफडीइन्फो’ फोल्डरमधली त्याच नंबरची फाइल कॅट करा. लूपच्या ईपोलची फाइल असेल तर मागांच्या प्रत्येक कनेक्शनसाठी एक ओळ मिळेल : टीएफडी अमुक, इव्हेंट्स १९. हे १९ हेक्समधलं, म्हणजे सोळाच्या पायातलं आहे. त्यातला १ म्हणजे ‘वाचायला काही आलं तर सांग’, ८ म्हणजे ‘बिघाड झाला तर सांग’ आणि १० म्हणजे ‘समोरच्याने लाइन सोडली तर सांग’. शेवटच्या दोन गोष्टी न मागताही कर्नल स्वतःहून नोंदवतो. तर ही झाली तुमच्या साडेतीनशे मागांची यादी, कर्नलच्या वहीत. मागाकडून पॅकेट आलं की कर्नल ते कनेक्शन ‘तयार’ रांगेत टाकतो आणि लूपला उठवतो. यात वेगळा थ्रेड कुठेच लागत नाही. साडेतीनशे काय, साडेतीन हजार माग जोडलेत तरी लागणार नाही.

आता याच यादीत डिस्कवरची एखादी फाइल घालायचा प्रयत्न करा. कर्नल सरळ नकार देतो, ‘ईपर्म’ अशी चूक परत येते. ईपोलच्या आधीच्या सिलेक्ट किंवा पोल या सोयींना विचारलंत तर ते नकार देत नाहीत, पण फाइल कायम ‘तयार’च आहे असं ठोकून देतात. ‘नॉन-ब्लॉकिंग’चा झेंडा लावून उघडलीत तरी साध्या फाइलवर त्याचा परिणाम शून्य. युनिक्सने पहिल्यापासून असं धरलंय की डिस्क म्हणजे आत्ता-येईल अशातली गोष्ट, तिच्यासाठी ‘आलं की कळव’ची गरज नाही. कुणी टीसीपीवर माहिती पाठवेल तेव्हा पाठवेल, डिस्क मात्र हाताशीच आहे. हे गृहीतक तेव्हा चालून गेलं. आज तुमची ‘डिस्क’ केबलच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या पेटीत बसली आहे आणि रात्री ती पेटी दमते, तरी कर्नल तिला हाताशीच धरतो. माझ्या मते युनिक्सच्या आयओ इंटरफेसमधली ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महाग पडलेली समजूत आहे.

लिबयूव्हीला हे माहीत आहे. म्हणून फाइलचं काम ती लूपवर करतच नाही. तिच्याकडे कामकरी थ्रेडचा एक छोटा ताफा असतो, मुळात फक्त चार. फाइल वाचायची, लिहायची, हलवायची असली की काम ताफ्याच्या रांगेत पडतं. जो थ्रेड मोकळा असेल तो ते उचलतो आणि काम होईपर्यंत तिथेच अडकून राहतो. झालं की लूपला टिचकी मारून उठवतो. (लिनक्सवर ही टिचकी म्हणजे इव्हेंट-एफडी; तीही त्याच ईपोल यादीत नोंदवलेली असते.) तुमच्या अकरातले हे चार. चार व्हीएटचे, म्हणजे जावास्क्रिप्ट इंजिनाचे, कचरा गोळा करणं वगैरेसाठी. एक मुख्य. उरलेले दोन नोडच्या घरकामाचे.

मुद्दा असा की या चार थ्रेडवर फक्त फाइलींचा हक्क नाही. पासवर्ड तपासणारं बीक्रिप्ट मॉड्यूल त्याच ताफ्यात काम टाकतं. (शुद्ध जावास्क्रिप्टमधलं बीक्रिप्ट असेल तर नाही, पण मग ते मुख्य थ्रेड खातं, ते आणखी वाईट.) आणि तुमच्या एसएमएसवाल्याचा पत्ता नावाने दिलेला असणार. नावावरून आयपी काढायला नोड मुळात ‘गेट-ॲडर-इन्फो’ हे सी लायब्ररीचं फंक्शन वापरतो. ते थांबवून ठेवणारं आहे, म्हणून तेही त्याच चौघांकडे जातं. आता रात्रीचं चित्र जुळवा. फाइल हलवण्याची चार कामं स्टोरेजकडे गेली, पेटीने उत्तर द्यायला वेळ लावला, चारही थ्रेड अडकले. त्यांच्यामागे रांगेत लॉगिन, त्याच्यामागे एसएमएसचं डीएनएस. मागांचे आकडे ईपोलवरून येतात, त्यांना या रांगेशी देणंघेणं नाही. आणि अडकलेला थ्रेड सीपीयू खात नाही, तो नुसता वाट बघतो. म्हणून पाच टक्के.

खातरजमा करायची असेल तर पुढच्या वेळी लटकलं की एचटॉपमध्ये ‘एस’ हा रकाना बघा. चार थ्रेडसमोर ‘डी’ दिसलं तर खटला संपला. ‘डी’ म्हणजे कर्नलच्या आत, न उठवता येणारी झोप. एनएफएसचं, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेलं, स्टोरेज गप्प झालं की नेमकं हेच होतं.

गंमत म्हणजे डीएनएसला लिबयूव्हीने आधीच शिस्त लावली आहे : नाव शोधण्याची कामं एका वेळी ताफ्याच्या निम्म्याहून जास्त थ्रेड अडवू शकत नाहीत, चारातले दोनच. फाइलींना असा लगाम नाही. फाइल म्हणजे जलद काम, अशी इथेही समजूत.

उपाय? इंटरनेटवर पहिला सल्ला मिळेल की यूव्ही-थ्रेडपूल-साइज हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाढवा. वाढवा हवं तर, सोळा करा. प्रोग्राम सुरू करण्याआधी द्या म्हणजे झालं. पण पेटी दमली की चारच्या जागी सोळा अडकतील, थोड्या उशिराने. खरं काम वेगळंच आहे : फाइली हलवणं या सर्व्हरमधून बाहेर काढा. क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं सुरू करणारी सोय) आरसिंक (फाइली दुसरीकडे उतरवणारा प्रोग्राम) चालवा, ते स्वतंत्र प्रोसेसमध्ये अडकेल तेवढं अडकू दे. तुमच्या प्रोग्रामने स्थानिक डिस्कवर लिहावं आणि विषय सोडून द्यावा. एसएमएससाठी नोडचं ‘रिझॉल्व्ह’ घराण्यातलं डीएनएस वापरलंत तर ते सी-एरेस या डीएनएस लायब्ररीमधून सॉकेटवर जातं, म्हणजे ताफ्याला शिवत नाही. फक्त लक्षात ठेवा, ते होस्ट्स फाइलमधल्या नोंदी विचारात घेत नाही.

आयओ-यूरिंगबद्दल कुणीतरी सांगेलच, म्हणून आधीच लिहिते. येन्स अक्सबो यांनी लिहिलेलं हे प्रकरण २०१९ मध्ये लिनक्स ५.१ बरोबर आलं. ईपोल ‘तयार आहे’ एवढंच सांगतं, वाचायचं काम आपलं. यूरिंगला आपण ‘हे वाच’ असं सांगून ठेवतो आणि ते ‘वाचून झालं’ असं कळवतं. दोन गोल रांगा असतात, एक मागण्यांची, एक उत्तरांची, दोन्ही कर्नल आणि प्रोग्राम यांच्या सामाईक मेमरीत. आणि ते साध्या फाइलींनाही लागू आहे, म्हणजे वरचं सगळं रडगाणं मुळातच मिटावं. लिबयूव्हीने २०२३ मध्ये १.४५ आवृत्तीत फाइलींच्या काही कामांसाठी ते घेतलंही. मग लक्षात आलं की प्रोग्रामने सेट-यूआयडी करून रूटचे अधिकार सोडले तरी आधीच उघडलेल्या यूरिंगमधली कामं जुन्याच अधिकारांनी चालतात. फेब्रुवारी २०२४ च्या सुरक्षा आवृत्तीत नोडने ते मुळातून बंद ठेवलं. त्याआधी २०२३ मध्येच गूगलने जाहीर केलं होतं की त्यांच्या कर्नल-फोडा बक्षीस योजनेत आलेल्या साठ टक्के हल्ल्यांचा रस्ता यूरिंगमधून जात होता. तेव्हा तुमच्या कारखान्यात आत्ता आरसिंकच बरं.

प्रश्न : मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलसाठी सीमध्ये सिलेक्ट वापरून चॅट सर्व्हर लिहिला. युलिमिट (एका प्रोग्रामला किती फाइली-कनेक्शन उघडता येतील ती मर्यादा) ४०९६ केलं, तरी हजारच्या थोडं पुढे कनेक्शन गेली की ‘बफर ओव्हरफ्लो डिटेक्टेड’ म्हणून प्रोग्राम मरतो. माझा कोड मी दहा वेळा तपासला.
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : तुझ्या कोडमध्ये शोधू नकोस, सिलेक्टच्या पोटातच आहे. तू ज्याला एफडी-सेट म्हणतोस तो १२८ बाइटचा पक्का डबा आहे, म्हणजे १०२४ बिट. डिस्क्रिप्टरचा नंबर हाच बिटचा नंबर. शून्यापासून मोजलं तर १०२३ शेवटचा. १०२४ नंबरच्या कनेक्शनचा बिट लावायला गेलास की तो डब्याच्या बाहेर, शेजारच्या मेमरीत पडतो. युलिमिट वाढवून तू कर्नलकडून जास्त नंबर मिळवलेस, पण डबा तेवढाच राहिला. जीलिबसीची, म्हणजे लिनक्सच्या सी लायब्ररीची, तपासणी चालू होती म्हणून मेला, हे भाग्य समज. नसती तर दुसऱ्याच व्हेरिएबलचं वाटोळं झालं असतं आणि तू वीस वेळा तपासत बसला असतास.

सिलेक्ट १९८३ चं आहे, ४.२ बीएसडीतलं, आणि तेव्हाच्या मशीनला एवढी कनेक्शन लागतच नव्हती. पण आकारापेक्षा मोठं दुखणं त्याच्या पद्धतीत आहे. दर वेळी पूर्ण यादी कर्नलला द्यायची, कर्नलने पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येकाला विचारायचं, मग परत आल्यावर आपणही पहिल्यापासून शोधायचं की कोण बोललं. एकाच मुलाला काही विचारायचं असताना दर तासाला अख्खा हजेरीपट वाचण्यासारखं. पोलने १०२४ ची भिंत काढली, हजेरीपट तसाच ठेवला. तो गेला केक्यूने, २००० साली फ्रीबीएसडी ४.१ मध्ये, आणि मग ईपोलने, लिनक्सच्या २.५ मालिकेत. यादी एकदा कर्नलकडे ठेवायची, नंतर फक्त जे बोलले तेवढेच परत मिळतात.

प्रॅक्टिकलपुरतं पोल घाल, बदल थोडे आहेत. पण मन लावून समजून घ्यायचं असेल तर तोच सर्व्हर लिबइव्हेंटवर लिही. ही नील्स प्रोव्होस यांनी सुरू केलेली लायब्ररी मशीनवर जे उत्तम मिळेल ते स्वतः निवडते. इव्हेंट-नो-ईपोल हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावलंस की ती ईपोल सोडून पुढच्या पर्यायावर जाते, कोडची एक ओळ न बदलता. युलिमिट आणखी वाढवून दोन्ही प्रकारे पाच हजार गप्प कनेक्शन उघड आणि फक्त एकावरून बोलत राहा, आणि सीपीयूकडे बघ. परीक्षकांना दाखवायला याहून चांगलं काही नाही.

प्रश्न : पायथनच्या असिंकआयओमध्ये (इव्हेंट लूपची त्याची लायब्ररी) ‘ॲड-रीडर’ (वाचायला काही आलं की कळवणारं फंक्शन) लिनक्सवर चालतं, ऑफिसच्या विंडोजवर ‘नॉट इम्प्लिमेंटेड’ येतं. पायथन तेच, कोड तोच.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पायथन तेच, लूप वेगळा. २०१९ च्या ३.८ पासून विंडोजवर मुळातला लूप ‘प्रोॲक्टर’ आहे आणि तो आयओसीपीवर उभा आहे. आयओसीपी ‘काम झालं’ असं सांगतं, ‘आता वाचता येईल’ असं सांगत नाही. आणि ॲड-रीडरला नेमकं दुसरं हवं असतं. सिलेक्टर लूप मागून घेतलात तर चालेल, पण तो तिथे सिलेक्ट वापरतो, पायथनमध्ये त्याची मर्यादा ५१२ सॉकेट, शिवाय सबप्रोसेस चालवता येत नाहीत. त्यापेक्षा ‘ओपन-कनेक्शन’ आणि त्याच्याबरोबरचे रीडर-रायटर वापरा. ते दोन्ही लूपवर चालतात, आणि तुमचा कोडही निम्मा होईल.