स्क्वोदोव्स्की आडनाव : उगम, दुर्मिळता आणि मेरी क्यूरींशी नाते

आपल्या प्रश्नाचा आशय मला असा समजला. आपल्या सूनबाईंच्या आजोळचे आडनाव स्क्वोदोव्स्की आहे, पोलंडमध्येही हे आडनाव क्वचितच भेटते, त्यांच्या घरात "आपण मेरी क्यूरींच्या वंशातले" असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, आणि एका संकेतस्थळाने त्या आडनावाचे म्हणून एक कुलचिन्हही छापून पाठवले आहे. हे आडनाव आले कोठून, ते इतके विरळ का, आणि ते लावणारे सगळे एकमेकांचे नातलग असतात का, असे आपण विचारले आहे.

आधी वंशाचा मुद्दा मोकळा करतो. मेरी क्यूरींना दोन मुली, इरेन आणि ईव्ह. दोघींचे जन्मनाव क्यूरी. इरेन विवाहानंतर जोलियो-क्यूरी झाल्या आणि त्यांच्या पुढच्या पिढीत जोलियो व लांजव्हँ ही आडनावे आली. ईव्ह यांना मूल नव्हते. म्हणजे केवळ स्क्वोदोव्स्की हे आडनाव वडिलांकडून आले म्हणून कोणी मेरींचे वंशज ठरत नाही. नाते असलेच तर ते मेरींच्या भावाकडून, काकांकडून किंवा त्याहून मागच्या एखाद्या पूर्वजाकडून असेल. मेरी पाच भावंडांत धाकट्या : झोफिया, युझेफ, ब्रोनिस्वावा, हेलेना आणि मारिया. झोफिया लहान वयातच विषमज्वरासारख्या तापाने गेली. आडनाव पुढे नेऊ शकणारा भाऊ एकच, डॉक्टर झालेला युझेफ. त्यामुळे "वंशातले" याऐवजी "कुळातले" असा शब्द वापरला, तर घरातल्या त्या सांगण्याला काही आधार सापडू शकेल.

आता उगम. पोलिश आडनावांतला "-स्की" हा प्रत्यय मुळात विशेषण घडवणारा आहे आणि जुन्या काळी तो मुख्यतः जमीनदार सरदारवर्गाच्या, म्हणजे श्लाख्ता वर्गाच्या, नावांना गावाच्या नावावरून जोडला जाई. स्क्वोदोव्स्की म्हणजे स्क्वोदी गावचा. आपल्याकडच्या "-कर" आडनावांशी तुलना केली की या आडनावाच्या दुर्मिळतेचे कारणही लगेच उलगडते. नांदगाव नावाची गावे अनेक आहेत, म्हणून नांदगावकर ठिकठिकाणी भेटतात आणि त्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही; जे गाव एकच आहे, त्याचे "कर" मोजकेच असतात. पोलंडमध्ये दोंब्रोवा नावाची गावे ढिगाने आहेत, म्हणून दोंब्रोव्स्की हे देशातल्या सर्वांत मोठ्या आडनावांपैकी एक आहे. स्क्वोदी मात्र वस्त्यांचा एकच झुबका आहे.

हा झुबका वॉर्साच्या ईशान्येला सुमारे १०० किलोमीटरवर, माझोव्शे प्रांताच्या पूर्व कडेला, ओस्त्रूव माझोव्येत्स्का जिल्ह्यात झारेंबी कोश्चेल्ने या गावाच्या आसपास आहे. नकाशा जवळ घेऊन पाहिलात तर एक नव्हे, चार नावे दिसतील : स्क्वोदी-प्योत्रोवित्से, स्क्वोदी-स्ताखी, स्क्वोदी श्रेद्न्ये आणि स्क्वोदी बोरोवे. पहिल्यात प्योत्र हे व्यक्तिनाव आहे, दुसऱ्यात स्तानिस्वाव या नावाचे घरगुती रूप स्ताख. तिसरी वस्ती "मधली" आणि चौथी "पाइनच्या रानाकडची". या परिसरात अशी जोडनावे सर्रास आढळतात. शेजारीच न्येनाव्ती-ब्रेव्की आणि न्येनाव्ती-शिमानी आहेत. एका मूळ जमिनीचे भावाभावांत तुकडे होत गेले आणि प्रत्येक तुकड्याला मालकाचे किंवा जागेचे नाव चिकटले, तो सगळा इतिहास या नावांत अजून शाबूत आहे. माझ्या मते या आडनावाबद्दलचा सर्वांत बोलका पुरावा कोणत्याही कुलचिन्हात नसून या चार पाट्यांत आहे.

असे का घडले, यामागे माझोव्शेचा स्वतंत्र इतिहास आहे. हा प्रांत १५२६ सालापर्यंत स्वतःच्या ड्यूकांच्या ताब्यात होता आणि त्यानंतरच तो पोलंडच्या राजसत्तेत विलीन झाला. पूर्वेकडच्या विरळ वस्तीच्या सीमाभागात ड्यूकांनी लष्करी चाकरीच्या बदल्यात लहान लहान शिलेदारांना जमिनी दिल्या. त्यांचे वंशज कायद्याने श्लाख्ताच राहिले, पण जमीन वाटत वाटत इतकी लहान झाली, की त्यांच्याकडे वेठीचे कुळवाडी नसत आणि नांगर स्वतःच धरावा लागे. पोलंडच्या एकूण लोकसंख्येत श्लाख्तांचे प्रमाण साधारण आठ ते दहा टक्के मानले जाते. माझोव्शेच्या या भागात मात्र ते त्याच्या कितीतरी पट होते आणि अख्खी गावेच्या गावे अशा गरीब पण कुलवंत शेतकऱ्यांची असत.

यातून आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. एका वस्तीतली सगळी घरे एकच आडनाव लावत असल्याने प्रत्यक्ष व्यवहारात आडनावाने माणूस ओळखताच येत नसे. शाखा वेगळ्या काढण्यासाठी घरोघर उपनामे चालत. म्हणून आडनाव दुर्मिळ आहे याचा अर्थ इतकाच, की दोन स्क्वोदोव्स्की घराण्यांच्या वाटा मागे गेल्यास बहुधा त्याच परिसरात पोहोचतील. त्या दोन वाटा एकाच माणसापाशी मिळतील, तेही मोजता येण्याजोग्या पिढ्यांत, असे मात्र त्यावरून ठरत नाही. शिवाय अठराव्या-एकोणिसाव्या शतकात आडनावे कायमची ठरत गेली, तेव्हा गाव सोडून गेलेल्या एखाद्या साध्या माणसाची नोंद "स्क्वोदीहून आलेला" याच अर्थाने स्क्वोदोव्स्की अशी होणेही अशक्य नव्हते.

ईव्ह क्यूरी यांनी आईचे चरित्र १९३७ साली लिहिले, त्यात या गावाचा आणि तिथून निघालेल्या अनेक स्क्वोदोव्स्की घराण्यांचा उल्लेख आहे. जमीनमालकाने आपली जमीन कसणाऱ्या कुळांना स्वतःचे कुलचिन्ह वापरण्याची मुभा दिली असावी, असा तर्कही त्यांनी केला आहे. गावाबद्दलचे त्यांचे म्हणणे पटते. कुळांचा तर्क मला तितका पटत नाही, कारण वस्तीतले सगळेच मूळचे बरोबरीचे हिस्सेदार असणे हा त्या भागाचा नेहमीचा प्रकार होता आणि एक आडनाव अनेक घरांत असण्यासाठी मालकाच्या मेहेरबानीची गरज नव्हती.

कुलचिन्हाबाबत सावध राहावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. मेरींच्या घराण्याचे चिन्ह दोवेंगा मानले जाते : निळ्या भूमीवर रुपेरी नाल, तिच्या पाठीवर सोनेरी क्रूस आणि दोन टोकांच्या मध्ये खाली टोक केलेला बाण. आपल्याला आलेले चित्र असेच असेल, तर ते चूक नाही; पण पोलंडमध्ये चिन्ह एका आडनावाचे नसते. एकच चिन्ह शेकडो वेगवेगळी आडनावे वापरत, आणि उलट एकाच आडनावाची घराणी कधी वेगवेगळी चिन्हे वापरत. "या आडनावाचे हे चिन्ह" असे म्हणून पोलिश माणसाला चित्र विकणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे, आणि त्या चित्रावरून नात्याबद्दल तर काहीच कळत नाही.

मेरींचे घराणे गावातून बाहेर कसे पडले, तेही लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांचे आजोबा युझेफ (१८०४–१८८२) शिक्षणक्षेत्रात गेले. ल्युब्लिनला ते शाळाप्रमुख होते आणि पुढे बोलेस्वाव प्रुस या नावाने प्रसिद्ध झालेला कादंबरीकार त्यांच्या शाळेत शिकला. त्यांचे पुत्र, म्हणजे मेरींचे वडील, व्वादिस्वाव वॉर्सात गणित आणि पदार्थविज्ञान शिकवत. जमीन सुटली, नोकरी हाती आली, आडनाव तेवढे गावाचे राहिले. लहान श्लाख्तांच्या असंख्य घरांची एकोणिसाव्या शतकातली वाटचाल हीच आहे. म्हणून सूनबाईंचे पूर्वज ल्युब्लिन, वॉर्सा किंवा आणखी कोठे सापडले, तरी त्यावरून ते मूळचे स्क्वोदीचे नाहीत असा निष्कर्ष काढू नये.

दुर्मिळता मोजायची तर पोलंडमध्ये तशी सोय आहे. काझिमिएझ रिमुत यांनी सरकारी लोकसंख्या नोंदणीच्या आधारे तयार केलेला आडनावांचा दहा खंडांचा कोश १९९२ ते १९९४ दरम्यान निघाला. अलीकडची आकडेवारी सरकारच्या खुल्या माहिती संकेतस्थळावर मिळते. पोलंडमध्ये आडनावांची चार लाखांहून अधिक रूपे वापरात आहेत आणि सर्वांत मोठे आडनाव नोवाक हे सुमारे दोन लाख लोकांचे आहे. यावरून बाकीची आडनावे किती विखुरलेली असतील याचा अंदाज येतो. मोजताना एक गोष्ट मात्र विसरू नये. सरकारी यादीत पुरुष आणि स्त्रिया वेगवेगळ्या असतात, आणि "-स्की" आडनावाचे स्त्रीरूप "-स्का" असल्याने स्क्वोदोव्स्की व स्क्वोदोव्स्का यांची बेरीज स्वतः करावी लागते. परदेशी गेलेल्या कुटुंबांत स्त्रियाही पुष्कळदा "-स्की" हेच रूप लावतात. तसेच स्क्वात्कोव्स्की हे वेगळेच आडनाव आहे. १९३६ ते १९३९ या काळात पंतप्रधान असलेल्या जनरल स्वावोय स्क्वात्कोव्स्की यांचा आपल्या विषयाशी संबंध नाही, पण घाईने केलेल्या वंशावळींत ही दोन नावे एकमेकांत मिसळलेली दिसतात.

लेखनाचीही एक अडचण आहे. मराठीत आपण वर्षानुवर्षे "स्क्लोडोव्स्का" लिहीत आलो, कारण पोलिश लिपीतल्या तिरकी रेघ मारलेल्या "एल"चा उच्चार "व"सारखा होतो हे इंग्रजी छपाईत कळतच नाही. इंग्रजी टंकयंत्रावर ती रेघ नसे, म्हणून भारतात आलेल्या पोलिश निर्वासितांची नावे शोधणाऱ्यांनाही, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीचे अभ्यासक त्यांतच आले, रेघेसह आणि रेघेविना असे दोन्ही शोध घ्यावे लागतात. स्वतः मेरींनी हे आडनाव सोडले नव्हते, हेही येथे सांगावेसे वाटते. एप्रिल १८९८ मधला युरेनियम व थोरियमच्या किरणांवरचा त्यांचा निबंध "श्रीमती स्क्लोदोव्स्का क्यूरी" या नावाने सादर झाला आणि त्याच वर्षी जुलैत पोलोनियमची घोषणा करणाऱ्या निबंधावर "श्रीमती एस. क्यूरी" असे आहे. तो "एस" मारियाचा नाही, माहेरच्या आडनावाचा आहे. युरोपीय संघाने आपल्या संशोधनवृत्तींच्या नावात स्क्वोदोव्स्का हा शब्द घातला तो २०१४ मध्ये.

प्रत्यक्ष शोध कसा घ्यावा, यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांची वाट येथेच चुकते. पहिली धाव सरदारकुळांच्या छापील कोशांकडे घेतली जाते. बोन्येत्स्की यांचा कोश उत्तम, पण तो "एम"च्या सुरुवातीलाच थांबतो. उरुस्की यांचा "आर" अक्षरापर्यंत येऊन संपतो. "एस"ने सुरू होणारे आपले आडनाव दोन्हींच्या बाहेर पडते. त्यांत ते नाही म्हणून घराणे कुलीन नव्हते असे समजणारे लोक मी पाहिले आहेत. अठराव्या शतकातला न्येसेत्स्की यांचा कोश संपूर्ण वर्णमालेचा आहे, पण तो लहान घराण्यांची पिढीवार माहिती क्वचितच देतो.

खरा आधार चर्चच्या नोंदवह्यांचा. पोलिश वंशावळी संस्थेची "गेनेतेका" ही विनामूल्य सूची प्रांतवार शोधता येते आणि अनेक नोंदींचे छायाचित्रही दिसते. सरकारी अभिलेखागारांचे स्वतंत्र संकेतस्थळ आहे. १८०८ नंतरच्या नोंदी नेपोलियनच्या कायद्याच्या धाटणीच्या, म्हणजे तक्त्याऐवजी सलग परिच्छेदाच्या असतात : अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक वयाचा, अमुक धंद्याचा बाप दोन साक्षीदारांसह हजर झाला आणि त्याने मूल दाखवले. साक्षीदार बहुधा भाऊबंद किंवा शेजारी असतात, म्हणून त्यांची नावे कधीही गाळू नयेत. धंद्याच्या जागी "अंशतः मालक" अशा अर्थाचा शब्द आला, की तो वाटण्यांतला छोटा श्लाख्ता. त्याआधीच्या लॅटिन वह्यांत नावामागचे एकच विशेषण सामाजिक दर्जा सांगते : "नोबिलिस" किंवा "गेनेरोसुस" असेल तर कुलीन, "होनेस्तुस" असेल तर शहरवासी, "लाबोरिओसुस" असेल तर कष्टकरी शेतकरी. गावातून आलेला साधा माणूस आणि गावाचा हिस्सेदार यांतला फरक या एका शब्दावर ठरतो. १८६८ पासून रशियन अंमलाखालच्या या भागात नोंदी रशियन भाषेत करणे सक्तीचे झाले. त्यांत दोन पंचांगांच्या (ज्युलियन व ग्रेगोरियन) दोन तारखा असतात, एकोणिसाव्या शतकात बारा दिवसांच्या अंतराने, आणि पुष्कळदा कंसात नावाचे पोलिश रूपही असते. शिवाय रशियन सरकारने १८३६ नंतर श्लाख्तांना आपला दर्जा कागदोपत्री सिद्ध करायला लावले होते. त्या प्रकरणांत कोणी वंशावळ सादर केली असेल, तर कित्येक पिढ्या एकदम हाती लागतात.

शोध नेहमी आपल्या बाजूने मागे न्यावा. मेरींकडून खाली येऊ नये. सूनबाईंच्या आजोबांच्या किंवा पणजोबांच्या विवाहाच्या नोंदीपासून सुरुवात करा, कारण तीत दोन्ही पक्षांच्या आईवडिलांची नावे आणि वधूवरांचे जन्मगाव मिळते. विवाह आणि मृत्यूच्या नोंदी ८० वर्षांनी, जन्माच्या १०० वर्षांनी खुल्या होतात; त्याअलीकडच्या नोंदींसाठी थेट वंशज या नात्याने सूनबाईंच्या आईला नोंदणी कार्यालयात अर्ज करता येईल. जन्मगाव झारेंबी कोश्चेल्नेच्या परिसरातले निघाले, तर पुढचा टप्पा मेरींचे आजोबा युझेफ यांच्या पिढीशी गाठ घालण्याचा. ते वेगळ्या प्रांतातले निघाले, तर आधी तिथल्याच वह्यांत दोन-तीन पिढ्या मागे जा. विवाहाची नोंद मिळाली की तिचे छायाचित्र येथे टाका. रशियन अक्षरातली असली तरी चालेल, ती वाचून मराठीत लिहून देण्याचे काम मी करीन.