क्लेम रेशो 94 टक्के म्हणून पॉलिसी बदलावी का?

प्रश्न: माझी टर्म पॉलिसी 6 वर्षं सुरू आहे. या कंपनीचा क्लेम सेटलमेंट रेशो 88 टक्के आहे, दुसऱ्या एका कंपनीचा 94. मागच्या वर्षीपासून मला रक्तदाबाची गोळी सुरू झाली आहे. जुनी पॉलिसी बंद करून 94 टक्केवाल्या कंपनीची घ्यावी, असं वाटतं. हप्ता थोडा वाढेल, पण घरच्यांना पैसे नक्की मिळायला हवेत. काय करू?

उत्तर: जुनी पॉलिसी बंद करू नका. इथेच थांबता आलं असतं, पण तो 94 चा आकडा तुम्हाला स्वस्थ बसू देणार नाही, म्हणून आधी त्याच्याकडेच बघू.

आलेल्या क्लेमपैकी किती मंजूर झाले, एवढंच हा रेशो सांगतो. क्लेम कसले होते, हे सांगत नाही. पंधरा वर्षं हप्ते भरलेल्या माणसाचा क्लेम सहसा सरळ निघतो. पॉलिसी घेऊन आठ महिने होताहेत तोच क्लेम आला, तर कंपनी जुने कागद उकरायला लागते: आजार आधीचा होता का, लपवला होता का? नकार जास्त मिळतात ते या दुसऱ्या ढिगात.

आता जरा कागद-पेन्सिल घ्या. आकडे माझ्या मनचे आहेत, हिशेब कसा फिरतो ते दिसावं म्हणून. तुमच्या कंपनीकडे 500 क्लेम आले. 200 जुन्या पॉलिसींचे, त्यातले 194 मंजूर, म्हणजे 97 टक्के. 300 नव्या पॉलिसींचे, त्यातले 246 मंजूर, 82 टक्के. एकूण 440, म्हणजे 88 टक्के. दुसऱ्या कंपनीकडेही 500 आले, पण त्यात 450 जुने: 432 मंजूर, 96 टक्के. नवे फक्त 50, मंजूर 38, 76 टक्के. एकूण 470, म्हणजे 94 टक्के.

दोन्ही ढिगांत तुमची कंपनी पुढे, आणि बेरजेत मागे. गणितात चूक नाही, हवं तर पुन्हा करून बघा. दुसरीकडे सोपे क्लेमच जास्त आले, एवढंच.

याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. संख्याशास्त्रज्ञ सिम्प्सन यांचा लेख 1951 चा, पण यूल या दुसऱ्या संख्याशास्त्रज्ञाने हे 1903 मध्येच दाखवलं होतं. नाव मात्र सिम्प्सनच्या पदरात पडलं. मुतखड्याच्या उपचारांवरचा 1986 चा एक ब्रिटिश अभ्यास याचं नेहमीचं उदाहरण. प्रत्येकी 350 रुग्ण. उघड्या शस्त्रक्रियेला 78 टक्के यश, बारीक छिद्रातून खडा काढण्याच्या पद्धतीला 83. पण लहान खड्यांत उघडी शस्त्रक्रिया 93 विरुद्ध 87 अशी सरस, आणि मोठ्या खड्यांतही 73 विरुद्ध 69. कारण 263 मोठे खडे तिच्या वाट्याला आले होते, दुसरीच्या वाट्याला 80.

तुमच्या बाबतीत गोष्ट आणखी एक पाऊल पुढे जाते. रुग्णाच्या खड्याचा आकार त्याच्या हातात नसतो. तुम्ही मात्र स्वतःच्या पायांनी ढीग बदलायला निघाला आहात. आज तुम्ही सहा वर्षं जुन्या पॉलिसीवाले. बदललीत की नव्यांच्या रांगेत पहिले. माझ्या मनच्या आकड्यांत सांगायचं तर 88 वरून 94 वर नाही, 97 वरून 76 वर. शिवाय अनेक देशांत ठरावीक वर्षं उलटली की जुन्या अर्जातल्या माहितीवर कंपनीला सहज बोट ठेवता येत नाही. नव्या पॉलिसीत ती मुदत पहिल्या दिवसापासून सुरू होते. वय सहा वर्षांनी वाढलंय, त्यात आता गोळी. हप्ता ‘थोडा’ वाढेल, हे तुम्हाला कोणी सांगितलं? अर्जात रक्तदाब लिहून मागितलेला आकडा असेल तरच तो खरा धरा.

उलट बाजूही आहे. एखाद्या कंपनीकडे नव्या पॉलिसींचे क्लेम फार येत असतील, तर ती पॉलिसी देताना नीट तपासत नाही, असंही असू शकतं. मग ढिगांचं प्रमाण हाच कंपनीचा दोष ठरतो आणि तो वजा करून चालणार नाही. म्हणून दोन्ही कंपन्यांकडे विचारा: क्लेम पॉलिसीच्या कितव्या वर्षी आले, वैयक्तिक किती आणि ग्रुप विम्याचे किती, आणि मंजुरीची टक्केवारी रकमेनुसार काय. लहान रकमांचे क्लेम भराभर देऊन मोठे अडवले, तरी संख्येचा रेशो छान दिसतो. उत्तर टाळणाऱ्या कंपनीवर मी तरी फुली मारते.

विम्याची रक्कम अपुरी वाटत असेल, तर जुनी ठेवून वरच्या फरकापुरती दुसरीकडे घ्या. अर्जात रक्तदाब, गोळीचं नाव, कधीपासून, सगळं लिहा; एजंट ‘गरज नाही’ म्हणाला तरी. आणि सहा वर्षांपूर्वीच्या अर्जाची प्रत आज शोधून काढा. त्यात चुकीचं किंवा अर्धवट काही लिहिलं गेलं असेल, तर कंपनीला लेखी कळवा आणि पोच घरच्यांना माहीत असलेल्या जागी ठेवा.