पीसी मध्येच बंद पडतो? आधी तो कसा बंद पडतो ते बघा

प्रश्न : डेस्कटॉप चार वर्षांचा आहे. मुलगा गेम खेळायला बसला की थोड्या वेळात स्क्रीन काळी होते आणि पीसी आपोआप रीस्टार्ट होतो. दुकानदाराने दोनदा फॉरमॅट मारून दिला, तरी तेच. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसते. हा कुठला व्हायरस? – सांगली

उत्तर : व्हायरस नाही, आणि तिसऱ्यांदा फॉरमॅट मारू देऊ नका. ४१ची नोंद विंडोज पुन्हा चालू झाल्यावर होते. ‘मागच्या वेळी पीसी नीट बंद झाला नव्हता’ एवढंच ती सांगते, कारण सांगत नाही. पण तिच्या ‘डिटेल्स’मध्ये जाऊन ‘बगचेककोड’पुढे काय आहे ते बघा. तिथे आकडा असेल, तर निळी स्क्रीन दाखवण्याइतका वेळ विंडोजला मिळाला होता. शून्य असेल, तर बहुतेक वेळा काही कळायच्या आत वीजच तुटलेली असते. तुमचं वर्णन शून्याचं वाटतं. मग बघायचं काय, तर उष्णता, यूपीएस आणि एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा.

उष्णता आधी, कारण ती फुकटात तपासता येते. एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर लावून तापमानाचा लॉग चालू ठेवा आणि गेम खेळू द्या. प्रोसेसर ९५-१०० अंशांवर गेला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजे गेम अडखळू लागतो. तसं झालं तर पंख्यातली धूळ काढा, प्रोसेसर आणि त्याच्या कूलरमधली थर्मल पेस्ट बदला. काहीच न अडखळता झटक्यात अंधार होत असेल तर संशय विजेवर.

एकदा यूपीएस बाजूला काढून पीसी थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावा. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी मॉनिटरसकट गेममध्ये तेवढे सहज ओलांडतो. थेट सॉकेटवरही बंद पडला, तर नजर एसएमपीएसकडे वळवा, विशेषतः तो कॅबिनेटसोबत फुकट आलेला असेल तर. स्टिकरवरच्या ठळक ‘५०० वॅट’ला भुलू नका. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघा आणि १२ने गुणा. तिथे १८ असतील, तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या वाट्याला मिळून २१६ वॅटच येतात. एसएमपीएस उघडून बघायचा मोह मात्र टाळा. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये करंट उरतो.

प्रश्न : आठ जीबीची जादा रॅम टाकल्यापासून निळी स्क्रीन येते. कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी दुसरंच काहीतरी. दर वेळी कोड वेगळा. ड्रायव्हर सगळे नवे टाकले. – नाशिक

उत्तर : एकच कोड पुन्हा पुन्हा आला असता, तर मीही आधी ड्रायव्हरकडे बोट दाखवलं असतं. दर वेळी वेगळा म्हटल्यावर रॅम! नवी पट्टी काढून दोन दिवस वापरा. ठीक चाललं, तर दोन्ही लावून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जादा वेगाने चालवणारी सोय, बंद करा, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या जादा वेगाला एकमेकींशी जुळतीलच असं नाही. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालवा. एकही एरर आली तरी पट्ट्या पास नाहीत. मग एकेक पट्टी वेगळी तपासा. विंडोजसोबत येणाऱ्या मेमरी टेस्टमध्ये काही सापडलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. आणि हो, खोडरबरने पट्टीचे संपर्क घासण्याची आपल्याकडची युक्ती कधीकधी खरंच चालते. फक्त कचरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका.

प्रश्न : इंटेलचा १४व्या पिढीचा आय९ प्रोसेसर आहे. काही गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ म्हणून बंद पडतात. ग्राफिक्स कार्ड बदलून पाहिलं. – पुणे

उत्तर : कार्डाला उगाच शिक्षा झाली. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते कालांतराने अस्थिर होतात, हे कंपनीने २०२४मध्ये मान्य केलं. हा मेसेज त्याचंच एक ठरलेलं लक्षण. सप्टेंबर २०२४चा ०एक्स१२बी (0x12B) किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) असलेला बायोस टाका. अपडेट चालू असताना लाईट जाता कामा नये, म्हणून यूपीएसवरच करा. पण झालेली झीज बायोसने भरून येत नाही. त्रास थांबला नाही तर प्रोसेसर बदलून मागा. या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवलेली आहे, तेव्हा बिल शोधून ठेवा.

प्रश्न : पाण्याचा पंप चालू झाला की पीसी हँग होतो. अनवाणी असताना कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या येतात. – रत्नागिरी

उत्तर : झिणझिण्यांचं आधी बघा, पीसीचं नंतर. एसएमपीएसमधल्या फिल्टरची एक बाजू कॅबिनेटला जोडलेली असते. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर २३०च्या जवळपास निम्मे व्होल्ट येऊन बसतात. करंट अगदी थोडा असतो, पण अर्थिंग नाही याची ती पावती आहे. मग उद्या खरोखर शॉर्ट झालं तर करंट तुमच्यातून जाईल. तिसरी पिन मोडलेली नाही ना, बोर्डात अर्थची वायर खरंच जोडली आहे ना, हे वायरमनकडून बघून घ्या. जांभ्याच्या कोरड्या जमिनीत अर्थिंग उन्हाळ्यात कमकुवत होतं, तेव्हा खड्ड्यात अधूनमधून पाणी ओता. पंप सुरू होताना व्होल्टेज क्षणभर पडतं, त्यासाठी पंप आणि पीसी वेगवेगळ्या सर्किटवर घ्या.