आफ्टरमार्केट सायलेन्सर असलेल्या ऑक्टाव्हिया आरएसला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर परत बसवता येईल का? पॉवर किती जाईल?

तुम्ही लिहिलंय की निपाणीत २०१८ ची ऑक्टाव्हिया आरएस सेकंडहँड घेतलीत. आधीच्या मालकानं कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर साफ करणारा डबा) काढून तीन इंची सरळ डाउनपाइप, म्हणजे टर्बोपासून धूर मागे नेणारा पाइप, आणि मोठा सायलेन्सर लावलाय. पीयूसीत गाडी पास होत नाही, गॅरेजमध्ये चालू ठेवली की डोळे चुरचुरतात. आणि बेळगावात एकानं सांगितलंय, मागच्या सायलेन्सरच्या आधी एक कॅट जोडून देतो, काम झालं.

कॅट बसवता येतो, आणि बसवाच. फक्त त्यानं सांगितलेल्या जागी नको.

बेळगावच्या उद्यमबागेत मी आर्गन वेल्डिंगचंच काम करतो, टर्बो गाड्यांचे पाइप बऱ्याचदा हातात येतात. म्हणून आधी माझ्याच पोटावर पाय देणारा सल्ला देतो: आधीच्या मालकाला फोन लावा आणि कॅटसकट ओरिजिनल डाउनपाइप आहे का विचारा. हौशी लोक बहुतेक वेळा ती माळ्यावर टाकून ठेवतात. मिळाली तर तीच बसवा. मागचा सायलेन्सर आफ्टरमार्केट राहिला तरी चालेल, मधे एक जोड करून घ्या. यापेक्षा चांगला उपाय नाही.

नसेल मिळत, तर पुढचं वाचा.

या इंजिनात टर्बो थेट इंजिनाच्या हेडला बोल्ट केलेला असतो, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या बाजूला, आणि कंपनीचा कॅट टर्बोच्या तोंडाशीच असतो. त्याला कारण आहे. कॅटच्या आत मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार ठोकळा असतो, त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ लेप. हा लेप साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला कामाला लागतो, त्याखाली तो नुसता अडथळा. निपाणीहून तवंदी घाट चढून आलात तर मागे बसवलेला कॅटही तापेल. पण सकाळी गाडी काढली, पोरांना शाळेत सोडलं, भाजी घेतली आणि घरी आलात, तर मागच्या सीटखालचा कॅट तोवर धड गरमही झालेला नसतो. आणि गाडी सगळ्यात जास्त घाण ओकते ती नेमकी त्याच पहिल्या मिनिटांत, कारण इंजिन गार असताना पेट्रोल जास्त जातं. शाळेच्या गेटसमोर, पोरांच्या नाकाच्या उंचीवर. माझा सगळा आग्रह त्यासाठीच आहे. तेव्हा कॅट डाउनपाइपमध्येच, टर्बोच्या जितका जवळ बसेल तितका जवळ.

पॉवरचं म्हणाल तर भीती जुनी आहे. कंपनीच्या कॅटमध्ये चौरस इंचाला ४०० किंवा त्याहून जास्त छिद्रं असतात. स्पोर्ट कॅट २०० सेलचा, म्हणजे चौरस इंचाला २०० छिद्रांचा, धातूच्या पातळ पत्र्याचा येतो, तो उजेडाकडे धरला तर पलीकडचं दिसतं. रस्त्यावर चालवताना त्याचा फरक तुम्हाला जाणवणार नाही. १०० सेलचाही मिळतो, पण तो घेऊ नका, वायू नीट साफ व्हायच्या आत निघून जातो. युरो ५ किंवा युरो ६ या युरोपातल्या प्रदूषण मानकांची मान्यता असलेलाच घ्या. नुसता चकचकीत डबा असलेले स्वस्त कॅट येतात, त्यात महागडा लेप नावालाच असतो आणि काही महिन्यांत गाडी पुन्हा मूळपदावर.

आता वेल्डिंग. पाइपापासून कॅटच्या अंगापर्यंतचा शंकू हळूहळू रुंद होणारा हवा. एकदम फुगवला तर सगळा वायू मधल्याच छिद्रांतून जातो, तेवढाच भाग जळतो आणि कडेचा कॅट कोराच राहतो. स्टेनलेसला आर्गन वेल्डिंग करताना पाइपाच्या आतूनही आर्गन सोडावा लागतो. बरेच जण तो वाचवतात. पाइप जोडायच्या आधी हातात घ्या आणि जोडाच्या आतल्या बाजूनं बोट फिरवा. काळी, खरबरीत, साखरेसारखी कणी लागली तर काम परत करायला लावा. ही कणी सुटून कॅटच्या तोंडावर आपटत राहते. डब्यावरचा बाण वायू जातो त्या दिशेला आहे ना, बघा. डाउनपाइपमध्ये लवचीक जोड हवा, नाहीतर इंजिन हललं की तडा वेल्डिंगच्या बाजूलाच जातो. कॅटच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरची बैठक कॅटच्या नंतर आणि पाइपाच्या वरच्या अंगाला करून घ्या. खाली केली तर सकाळी साचणारं पाणी सेन्सरवर बसतं.

सेन्सरवरून आठवलं. कोणीतरी तुम्हाला स्पेसर सुचवेल: मागचा सेन्सर छोट्या नळीवर उंच बसवायचा, म्हणजे चेक इंजिनचा दिवा लागत नाही. त्यानं फक्त गाडीची समजूत काढली जाते, हवा तशीच घाण. नको.

मॅपचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअरचं काम लोक विसरतात, आणि नवा कॅट तिथंच मरतो. कॅट काढलेल्या गाडीत हा मॅप बदलणाऱ्या ट्यूनरनं पी०४२० हा ‘कॅट नीट काम करत नाही’ सांगणारा कोड बहुधा बंद करून ठेवलेला असतो. तो परत चालू करून घ्या, नाहीतर कॅट मेला तरी तुम्हाला कळणार नाही. आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटाके वाजणारा मॅप असेल तर तो आधी काढा. ते फटाके म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये पेटणं. ते कॅटच्या आत पेटलं की जाळी वितळते. एखादा प्लग किंवा कॉइल मिसफायर करत असेल तरी हीच गत. म्हणून कॅट घ्यायच्या आधी प्लग, कॉइल बघून घ्या, इंजिन ऑइल पितंय का तेही बघा. ऑइलमधला फॉस्फरस आणि झिंक लेपावर बसतो, तो मग निघत नाही. जोडांना सिलिकॉन लावू देऊ नका, सेन्सर त्यानं बाद होतो.

सगळं झालं की गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा साधा ओबीडी स्कॅनर लावून इंजिन गरम असताना मागच्या सेन्सरचा व्होल्टेज बघा. एका वेगानं चालवताना तो ०.६ ते ०.७ च्या आसपास शांत राहायला हवा. सारखा ०.१ आणि ०.९ मध्ये झोके घेत असेल तर कॅट काम करत नाही. मग पीयूसीला जा, तेही थेट हायवेवरून, गरम गाडी घेऊन. तुमची गाडी बीएस ४ आहे, आयडलला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) २०० पीपीएम ही मर्यादा. चांगला कॅट असेल तर आकडे याच्या बरेच खाली येतात. प्रदूषणाची मर्यादा मोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. चांगल्या कॅटला पैसे लागतात, पण ते एकदाच.

नवा बसवल्यावर काढलेला जुना कॅट कुठं सापडलाच तर तो गॅरेजवाल्याकडे सोडू नका. आतल्या धातूंमुळे भंगारात त्याला चांगला भाव येतो.

शेवटचं, आपल्या भागासाठी मुद्दाम. नव्या कॅटवर हीट शील्ड बसवूनच घ्या. ऊस तोडल्यावर पाचट पसरलेल्या फडात किंवा वाळल्या गवतात, लांबचा पल्ला मारून आलेली गाडी उभी करू नका. डाउनपाइपमधला कॅट कंपनीच्या जागेपेक्षा खाली आलेला असू शकतो, आणि वाळलं पाचट पेटायला तेवढी उष्णता पुरते.