त्या मुलाला परत फोन कर

अगं,

परवा फोनवर तू म्हणालीस की त्या व्हायोलिनवाल्या मुलाला नाही म्हणून सांगितलंस, कारण आता पियानोवर फक्त सोलो करायचं, एकदा अकंपनिस्टचा, म्हणजे नुसत्या साथीदाराचा, शिक्का बसला की संपलं. मी तेव्हा दादरच्या पुलावर गर्दीत होते, धड ऐकूही येत नव्हतं म्हणून काही बोलले नाही, पण डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय.

तो मुलगा तुला सेझार फ्रँकचा व्हायोलिन-पियानोचा सोनाटा वाजवायला बोलावतोय गं, १८८६ चा! त्यातल्या दुसऱ्या मूव्हमेंटचा, म्हणजे भागाचा, पियानो भल्याभल्यांना घाम फोडतो. आणि शेवटच्या मूव्हमेंटला तर सुरुवात तू करतेस आणि व्हायोलिन एक बार, म्हणजे तालाचं एक माप, मागून तीच मेलडी घेऊन येतं, म्हणजे तू फ्रेज उगाच ताणलीस की त्याची पंचाईत. याला नुसती साथ म्हणायचं? आणि साथच असली तरी काय बिघडलं, गोविंदराव पटवर्धनांनी केवढ्या गायकांना पेटीची साथ केली, त्यांना कोणी कमी समजलं का?

मी बावीस-तेवीसची असताना एका सोप्रानोबरोबर, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या गायिकेबरोबर, शूबर्टचं एर्लकोनिग हे गाणं वाजवलं होतं. उजव्या हाताला सारखे तेच ऑक्टेव्ह, म्हणजे एकच स्वर दोन सप्तकांत एकदम, तेही तीन-तीनच्या ट्रिपलेटमध्ये, मनगट भरून येतं नुसतं. तीन महिने मी फक्त त्या मनगटाचाच विचार केला. कार्यक्रमात ती एका ओळीआधी श्वासासाठी जरा जास्त थांबली आणि मी थांबलेच नाही, सरळ पुढे, दोन बार ती एकीकडे मी एकीकडे. श्वास घेताना खांदे वर जातात, मान वर केली असती तर दिसले असते, पण माझे डोळे कीबोर्डवर. नंतर ती मला काही बोलली नाही, विंगेत जाऊन नुसतं पाणी प्यायली. पुन्हा कधी बोलावलं नाही तिने.

राग मानू नकोस, पण तू शोपँच्या रचना वाजवतेस त्यातही मला हेच ऐकू येतं, उजवा हात गातोय आणि डावा हात त्याचं ऐकतच नाही. बोटं तुझी माझ्यापेक्षा चांगली आहेत, कान अजून तयार व्हायचेत, आणि ते एकटीने खोलीत बसून आठ तास रियाज करून होत नाहीत. २०१८ ला लीड्सच्या पियानो स्पर्धेत सेमीफायनलला चेंबर म्युझिक, म्हणजे इतर वादकांबरोबर मिळून वाजवणं, ठेवलं होतं ते काय उगाच?

तर व्हायोलिनची लाइन तोंडाने गात तुझा डावा हात वाजवून बघ, आठवडाभर तेवढंच. व्हायोलिन दबतंय वाटलं तर लगेच पियानोचं झाकण छोट्या दांडीवर घेऊन खाली करू नकोस, आधी बास, म्हणजे खालचे स्वर, हळू वाजव. मानधन आणि रिहर्सल किती ते आधीच बोलून घे, फुकट वाजवू नकोस. कार्यक्रम जुलैत आहे ना, मग हॉलवर लवकर पोच, आपल्या दमट हवेत लाकूड आणि फेल्ट फुगतं, दाबलेली पट्टी वर यायला वेळ लावते, ते लोक आत यायच्या आधी कळलेलं बरं.

रविवारी सकाळी दहाला दोघंही माझ्याकडे या. पियानो मागच्याच आठवड्यात ट्यून करून घेतलाय. चौथ्या मूव्हमेंटपासूनच सुरू करू.

तुझी ताई