खोडलेलं कुठे जातं, ते आधी लिही

प्रिय,

वर्डच्या फाइलमधला मजकूर शोधून खोडणाऱ्या तुझ्या टूलच्या डॉक्युमेंटेशनचा मसुदा वाचला. इन्स्टॉल कसं करायचं, कमांड कोणती, ऑप्शन कोणते, हे सगळं नीट उतरलंय. पण ज्या शंकेपायी माणूस हे पान उघडेल, तिचं उत्तर मला कुठे सापडलं नाही. टूलने खोडलेला मजकूर फाइलमधून जातो की राहतो?

तो राहतो, हे तुला माहीत आहे. डॉकएक्स, म्हणजे वर्डची फाइल, ही खरं तर एक झिप फाइल. ती उघडली की आतल्या मुख्य एक्सएमएल फाइलमध्ये (मजकूर आणि त्याच्या खुणा, म्हणजे टॅग, जिथे लिहिलेले असतात ती) खोडलेला मजकूर 'डेल' या टॅगच्या पोटात 'डेलटेक्स्ट' म्हणून अक्षर न् अक्षर शाबूत असतो, वर कोणी आणि केव्हा खोडला याची नोंद. वापरणाऱ्याला मात्र यातलं काहीच ठाऊक नसतं. फोर्टमधल्या एखाद्या वकिलाकडे काम करणारी ज्युनिअर डोळ्यांसमोर आण. लीव्ह अँड लायसन्सच्या मसुद्यात अशिलाने आधी कबूल केलेला भाड्याचा आकडा तिने तुझ्या टूलने खोडला, वर्डमध्ये खुणा लपवणारं 'नो मार्कअप' निवडलं, पान स्वच्छ दिसलं आणि फाइल समोरच्या पार्टीला मेल केली. तिकडे कुणी खुणा दाखवणारं 'ऑल मार्कअप' केलं की आकडा जसाच्या तसा हजर. म्हणून पहिल्याच परिच्छेदात लिही: हे टूल मजकूर काढत नाही, खोडल्याची खूण करतं, बदल अ‍ॅक्सेप्ट, म्हणजे कायम, करेपर्यंत मजकूर फाइलमध्येच असतो. इन्स्टॉलची माहिती त्याच्या खाली गेली तरी चालेल.

दुसरी गोष्ट परिच्छेदाच्या शेवटच्या खुणेची, एंटर दाबल्यावर पडते आणि एरवी दिसत नाही त्या. करारातलं सातवं कलम पूर्ण खोडलं, पण परिच्छेदाची खूण खोडली नाही, तर अ‍ॅक्सेप्ट केल्यावर '७.' हा आकडा आणि पुढे कोरी ओळ उरते. त्या खुणेसाठी परिच्छेदाच्या गुणधर्मांत वेगळा 'डेल' लागतो. तुझं टूल तो घालतं का, हे मला मसुद्यावरून कळलं नाही.

मराठीबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, 'युनिकोड चालतं'. तेवढ्याने भागणार नाही. दादरच्या एखाद्या प्रकाशकाकडे जुन्या पुस्तकाचं पुनर्मुद्रण चाललंय असं धर. १९६२च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, तेव्हा 'नांव'चं 'नाव' करायचंय. युनिकोडमध्ये 'नांव' म्हणजे न, काना, अनुस्वार आणि व, असे चार कोड. टूलने नेमका अनुस्वाराचा कोड खोडला तर तो टिंब वेगळ्या तुकड्यात एकटा पडतो; त्याला धरायला अक्षर नाही, मग तो ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेला दिसू शकतो. मुद्रितशोधकाला ती खूण वाचताच येणार नाही. माझ्या मते अख्खा शब्द खोडून नवा घालावा, डोळ्यांना तेच सोपं पडतं. तू काहीही ठरव, पण टूल कोड खोडतं, अक्षर खोडतं की शब्द, हे 'नांव'चंच उदाहरण घेऊन दाखव. आणि श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमधल्या फाइली आपल्याकडे अजून फिरतात. त्यांच्यात पडद्यावर देवनागरी दिसली तरी आत युनिकोड देवनागरी नसते, म्हणून 'अनामत' शोधून काही सापडणार नाही. हे न लिहिलंस तर लोक टूलला दोष देतील.

युनिकोड फाइलमध्येही 'अनामत रक्कम' हे दोन शब्द आत सलग असतीलच असं नाही. मधे कुणी एक अक्षर ठळक केलं किंवा नंतर काही दुरुस्त केलं, की वर्ड मजकुराचे तुकडे, म्हणजे रन, पाडतं. तुझं टूल रन जोडून शोधतं, ही त्याची खरी ताकद आहे आणि तू ती कुठेतरी तळाशी टाकलीस. वर आण.

खोडणाऱ्याचं नाव कुणाचं लागतं, तेही स्पष्ट कर. दुसऱ्याने घातलेला मजकूर खोडला तर त्याच्या 'इन्स'च्या (मजकूर घातल्याच्या टॅगच्या) आत 'डेल' बसतो आणि दोघांचीही नोंद राहते. स्वतःच घातलेला मजकूर खोडला तर वर्ड खूण न ठेवता तो काढूनच टाकतं. टूल वापरणाऱ्याच्या नावाने चालत असेल, तर अशा वेळी ते काय करतं?

वेळेचंही पाहा. त्या नोंदीत वेळेपुढे 'झेड' असतो, म्हणजे खरं तर जागतिक वेळ. पण वर्ड तिथे संगणकाची स्थानिक वेळच लिहीत आलंय. टूलने इमानेइतबारे जागतिक वेळ लिहिली, तर मुंबईत संध्याकाळी ७ला खोडलेलं वर्डमध्ये दुपारी १:३०चं दिसेल. मसुदा कुणी कधी बदलला यावरून जिथे वाद होतात, तिथे साडेपाच तासांचा फरक लहान नाही.

तळटीपा, हेडर, फुटर यांच्या वेगळ्या एक्सएमएल फाइली असतात. त्यांना टूल हात लावत नसेल तर तसं एका ओळीत सांग, पुरे.

पुढचा मसुदा पाठवशील तेव्हा सोबत एक छोटी नमुना फाइल जोड: एक पूर्ण खोडलेलं कलम, एक 'नांव', एक तळटीप आणि दुसऱ्याने घातलेल्या ओळीत केलेली खोड. ती मी वर्डमध्येही उघडून बघेन आणि लिबरऑफिसमध्येही.

तुझी,
ताई